माहुलीच्या डोहात काय बुडाले

सातारा,
नोव्हेंबर १९७६

प्रिय कोंडीबा,

आईच्या मांडीचे हाड जुळत आहे, असे डॉक्टर म्हणतात. मात्र ती जेवत नाही. तुझी रंगुबाई तिच्या सेवेला येथे आली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. परवा चुलीपाशी ती सहज बोलून गेली, "दादा, औषधानं न्हाई व्हायचं ह्ये. आत्याबाईस्नी देव दावल्याबिगर घास उतरत न्हाई." कोणते देव, असे मी विचारले. तिने पदर तोंडाशी नेला. मग तिला सांगावेच लागले, की आपल्या घरचे खंडोबाचे आणि मरीआईचे पितळी टाक सांगलीत तुझ्या घरी पिठाच्या डब्यात आहेत.

छप्पन्न साली बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर घरातले देव विसर्जित करायचे ठरले, तेव्हा आईच्या प्रत्येक शंकेला मी उत्तर दिले होते. शेवटी ती म्हणाली, "जिकलास, बाबा. आता जेवून घे." दुसऱ्या दिवशी माहुलीच्या संगमावर तू गाठोडे घेऊन कमरेइतक्या पाण्यात गेलास. गाठोडे बुडालेले मी काठावरून पाहिले. धूर दिसला तर अग्नी असतो. गाठोडे बुडाले तर त्यात देवच असतात, असे कोणतेही तर्कशास्त्र सांगत नाही. त्याच आठवड्यात घरातला लोखंडी बत्ता हरवला. आईने नवा मागितला आणि साक्षीपुरावे तपासून पोट भरणाऱ्या मी तो निमूट आणून दिला.

त्यानंतर दर विजयादशमीला मी नागपूरला दीक्षाभूमीवर जात असे आणि आई तुझ्याकडे. "मला सांगलीची हवा मानवती," म्हणायची. कुपवाडच्या कारखान्यातून रजा काढून तू तिला न्यायला येत असस, म्हणून चार लोकांत मी तुझे कौतुक केले आहे.

तू म्हणशील, तिचे रडणे पाहवले नाही. मान्य. परंतु करुणेपोटी बोललेले असत्य सत्य होत नाही. बुद्धपौर्णिमेला माझ्याशेजारी हात जोडून तू 'मुसावादा वेरमणी' म्हणत खोटे न बोलण्याची शपथ घेत आलास, तेही माझ्याहून मोठ्या आवाजात. टाक राहिले याचे मला विशेष वाटत नाही. पितळ हे पितळच आहे. पण ज्या दोन माणसांच्या शब्दाला मी कधी पुरावा मागितला नाही, त्यांनीच मला वीस वर्षे त्या काठावर उभे ठेवले.

हे लिहिण्याचे कारण निराळे आहे. बाण लागलेल्या माणसापाशी बाण कोणी मारला, कशाचा केला, याची चौकशी करीत बसू नये. आधी तो काढावा, असे भगवंतांनी सांगितले. मी ते अनेक सभांतून सांगितले आहे. यंदा दसऱ्याआधी आई न्हाणीत पडली आणि प्रथमच सांगलीला गेली नाही. काल तिने पेजेची वाटी पुन्हा परत सारली. माझ्याकडे मागायचे मात्र तिच्या मनातही येत नाही.

तेव्हा रविवारच्या एस.टी.ने ये आणि तो डबा घेऊन ये. मी हात जोडणार नाही, माझा मुद्दाही मागे घेणार नाही. टाक तिच्या उशाशी राहतील. भिंतीवरच्या तथागतांची त्याला हरकत असेल, असे मला वाटत नाही. तुझ्याशी त्या दिवशी मला बोलता येईल की नाही, हे आज सांगता येत नाही. पान मात्र वाढलेले असेल.

तरीही तुझाच,
दादा