कानामागचा गुलाल

मी, विश्वासराव भाऊसाहेब सरनोबत, वय वर्षे एक्याऐंशी, मूळ राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, सध्या मुक्काम ल्यूकन, डब्लिन, आयर्लंड, सेवानिवृत्त क्रीडासंचालक आणि अठ्ठावीस वर्षे महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनाने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, परंतु कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. मजवर कोणाचा दबाव नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये तीन महिन्यांसाठी मुलाकडे आलो, तो पंधरा महिने येथेच आहे. विमाने नाहीत, आणि गावाकडून रोज कोणी ना कोणी गेल्याची बातमी येते. अशा स्थितीत कागदपत्रे अपुरी ठेवणे मला शोभत नाही.

हे लिखाण मी महिनाभर करत आहे. दोन वाक्ये झाली की उठतो, समोरच्या हिरवळीला फेऱ्या घालतो, परत येऊन एक वाक्य खोडतो. खाडाखोडीच्या प्रत्येक ठिकाणी माझी लघुस्वाक्षरी आहे. वाचणाऱ्याने घाई करू नये.

कलम १. सन २००९ मध्ये केलेले मृत्युपत्र मी रद्द करत आहे. ते वकिलाने लिहिले होते आणि त्यात ‘स्थावर’ हा शब्द तीन प्रकारे लिहिला होता.

कलम २. कोल्हापूर येथील माझे राहते घर माझा एकुलता मुलगा रवींद्र यास द्यावे. त्याच्या पारपत्रावर ‘रविंद्र’ असे छापले आहे. ते अशुद्ध आहे, परंतु व्यक्ती तीच, याबद्दल वाद काढू नये. घर विकायचे की ठेवायचे, हे त्याने ठरवावे. ओटा मात्र पाडू नये. पहाटे सव्वापाचला त्या ओट्यावर बसून अठ्ठावीस वर्षांत सुमारे चारशे मुलांनी बुटांच्या नाड्या बांधल्या आहेत.

कलम ३. बँकेतील ठेवी सूनबाई चि. सौ. वृंदा हिच्या एकटीच्या नावे कराव्यात. या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच. रवींद्रला याचे वाईट वाटेल. त्याला सांगावे की, संघात कर्णधार तोच होतो, जो मैदान झाडून झाल्यावर झाडू जागेवर ठेवतो. या घरात तो वृंदा ठेवते.

कलम ४. माझी व्याकरणाची पुस्तके व दोन शब्दकोश महाविद्यालयाच्या ग्रंथालयास द्यावेत. ज्या प्राचार्यांनी आमचे मैदान लग्नाच्या स्वागतसमारंभांना भाड्याने दिले, आणि सोमवारी सकाळी आम्हांला पेनल्टीच्या जागेवरून पत्रावळी उचलायला लावल्या, त्यांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. ते बोलतीलच. निदान अध्यक्षस्थान देऊ नये.

कलम ५. माझे थांबघड्याळ नात चि. निहारिका हिला द्यावे. हे कलम मी चार वेळा लिहिले आहे. कारण सांगितल्याशिवाय ते अपुरे राहील.

निहारिका एकोणीस वर्षांची आहे व विद्यापीठाच्या मुलींच्या संघात खेळते. हा येथील आयरिश फुटबॉल. त्यात चेंडू हातात घेऊन पळतात. पहिल्या दिवशी मी तिला विचारले की, हाताने खेळायचे तर पाय कशाला दिले? त्यावर ती खूप हसली. टाळेबंदीत त्यांचा सराव बंद होता. प्रत्येकीने घरापासून पाच किलोमीटरच्या आत एकटीने पळायचे आणि त्याची नोंद फोनवरून पाठवायची, अशी व्यवस्था होती. मी खिडकीत घड्याळ घेऊन बसत असे. ते मला कोणी सांगितले नव्हते.

या फेब्रुवारीत ती सलग चार दिवस गेली नाही. पाचव्या दिवशी न्याहारीच्या वेळी मी तिला ऐकवले. जो खेळाडू थंडीत अंथरूण सोडत नाही, त्याने संघाचा सदरा धुऊन परत करावा, असे मी म्हणालो. ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. त्या दिवशी ती ताटली उचलून गेली. मग वृंदाने सांगितले की, तिचा गुडघा सुजला आहे. प्रशिक्षिकेनेच तिला विश्रांती घ्यायला सांगितली असून ती बाई रोज सकाळी फोन करून आधी ‘तू कशी आहेस’ एवढेच विचारते.

मी निहारिकेच्या खोलीत गेलो. मला का सांगितले नाहीस, असे विचारले. ती म्हणाली, “आजोबा, यू नेव्हर आस्क्ड.”

मी अठ्ठावीस वर्षे जो नियम अभिमानाने पाळला, तो या तीन शब्दांत मावतो. माझा नियम असा होता: मैदानावर कारण चालत नाही. उशीर झाला तर चेंडूला पाय लावायचा नाही, वीस फेऱ्या मारायच्या, आणि तोंडून कारण आले तर तीस. त्याने उत्तम संघ घडले, असे माझे मत होते. घड्याळ निहारिकेला यासाठी द्यायचे की, तिने ते वापरावे, पण खिडकीत बसू नये.

कलम ६. माझी हजेरीची वही, सन १९८२-८३. प्रत्येक सरावानंतर प्रत्येक खेळाडूला वेळ, श्रम व शिस्त यांसाठी दहापैकी गुण. या वहीत एक नोंद खोटी आहे, आणि ती माझ्या हस्ताक्षरात आहे.

जानेवारी १९८३ मध्ये आमचा संघ विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. आठ क्रमांकाचा खेळाडू बाळकृष्ण ऊर्फ बाळू इंगवले. वहीत त्याला श्रमाचे दहापैकी दहा गुण एकवीस वेळा आहेत. मी हे गुण उधळत नसे. त्या सामन्याला खेळाडूंना नोकरी देणाऱ्या एका सरकारी खात्याची निवड समिती येणार होती आणि ती बाळूलाच पाहायला येणार होती, हे सर्वांना ठाऊक होते.

कोल्हापुरात मुलगा महाविद्यालयाचा नंतर असतो, आधी तालमीचा, म्हणजे आपल्या पेठेच्या मंडळाचा असतो, आणि प्रत्येक तालमीचा स्वतःचा फुटबॉल संघ असतो. म्हणून अंतिम सामन्याआधी दहा दिवस कोणीही आपल्या पेठेच्या तालमीकडून खेळायचे नाही, अशी माझी सक्त ताकीद होती. आदल्या संध्याकाळी बाळूच्या तालमीचा अंतिम सामना होता. तालीम जिंकली आणि नेहमीप्रमाणे गुलालात मिरवणूक निघाली.

सामन्याच्या सकाळी पावणेसहाला माझ्या ओट्यावर जमायचे होते. बाळू वेळेवर आला. अंघोळ करून आला होता. पण डाव्या कानाच्या पाळीमागे गुलाल राहिला होता. मी तो पाहिला आणि मला सर्व कळले, असे मला वाटले.

मी म्हणालो, “बूट काढ.”

तो म्हणाला, “सर, मी...”

मी म्हणालो, “कारण नको.”

त्याने बूट काढले, नाड्या एकमेकींत बांधल्या, ओट्यावर ठेवले आणि अनवाणी गेला. मी वहीत लिहिले: शिस्तभंग, शून्य. त्या सामन्यात आम्ही तीन गोलांनी हरलो. ज्या संघाचा दमसास मी स्वतः घडवला होता, तो नव्वद मिनिटे लग्नाच्या वरातीसारखा चालला. मी सर्वांना श्रमाचे शून्य दिले आणि पुढची अडतीस वर्षे त्या शून्यांचा अर्थ शोधत राहिलो. आहार तपासला, सरावाचे वेळापत्रक तपासले. बाळू पुन्हा खेळला नाही. त्याने पेठेतच सायकलदुरुस्तीचे दुकान टाकले. मी त्या रस्त्याने जात नसे, कारण माझी सायकल कधी बिघडत नसे, असे मी सांगत असे.

त्या संघाचा गोलरक्षक शैलेंद्र बावडेकर सध्या डब्लिनमध्येच, सँडीफोर्डला आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी आला आणि माझ्यासारखाच अडकला. एप्रिलमध्ये जिल्ह्यापुरती फिरण्याची मुभा मिळाली, तेव्हा आम्ही फिनिक्स पार्कमध्ये दोन मीटर अंतर ठेवून फिरलो. निहारिकेच्या वाक्याने मला दोन महिने बसू दिले नव्हते. मी त्याला विचारले की, बाळू त्या संध्याकाळी खेळला होता ना?

शैलेंद्र थांबला. मग म्हणाला, “न्हाई सर. बघायलासुदिक गेला नव्हता.”

त्याने सांगितले ते असे. तालमीचा एक खेळाडू आजारी होता. तालमीची पुढारी माणसे बाळूच्या दारात दोनदा येऊन गेली. सरांना शब्द दिलाय, म्हणून बाळू गेला नाही. पेठेत त्याला ‘कॉलेजचा घरजावई’ म्हणू लागले. सामना सुरू असताना तो दार लावून घरात बसला होता आणि ओरड्यावरून गोल मोजत होता. जिंकल्यावर त्याचा थोरला भाऊ मिरवणुकीतून घरात आला, ‘उद्या तुझी पाळी’ म्हणाला आणि त्याच्या कानाला गुलाल लावून गेला. हे संघातल्या सर्वांना सकाळीच कळले होते. पण दुसऱ्याची वकिली करणाऱ्यालाही माझ्याकडे तीस फेऱ्या होत्या.

“दुसऱ्या गोलला मी उडीच मारली न्हाई, सर,” शैलेंद्र म्हणाला. “मारवेना.”

मी त्याला रागावलो नाही. रागावण्याची जागा शोधत होतो, ती सापडली नाही. मग त्याने सांगितले की, बाळूला करोना झाला आहे आणि तो कोल्हापुरात इस्पितळात आहे, प्राणवायूवर.

घरी येऊन मी हे कलम लिहिले. मूळ मजकूर असा होता: “माझ्या निधनानंतर तेराव्या दिवशी महाविद्यालयाच्या मैदानावर सर्व माजी खेळाडूंसमोर वृंदाने पुढील निवेदन वाचावे. श्री. बाळकृष्ण इंगवले यांनी शिस्तभंग केला नव्हता. चूक प्रशिक्षकाची होती.” वाक्यरचनेत मला एकही दोष आढळला नाही. मी समाधानी होतो.

व्यवस्थापक या नात्याने वृंदाने ते वाचले. मग म्हणाली, “बाबा, हे वाचलं जाईल तेव्हा त्यांनी बोलायचं कुणाशी?”

त्या दिवशी मी हिरवळीला एकोणीस फेऱ्या घातल्या. तिचे म्हणणे बरोबर होते. मेलेल्या माणसाला कोणी उलट बोलू शकत नाही. मी पुन्हा एकदा बाळूला ‘कारण नको’ असेच सांगणार होतो, फक्त या वेळी मैदान भरलेले असणार होते आणि मी हजर नसणार होतो. शिवाय मीच आधी जाणार, हे मी गृहीत धरले होते. तो क्रम मला कोणी लिहून दिला होता?

सबब मूळ कलम ६ मी संपूर्ण खोडले आहे. लघुस्वाक्षरी समासात आहे.

बाळू बुधवारी घरी आला, असे शैलेंद्रने कळवले. शुक्रवार, दिनांक १४ मे रोजी दुपारी निहारिकेने फोन लावून माझ्या हातात दिला. मी माझे नाव सांगितले. पलीकडे खोकला झाला. मग तो म्हणाला, “सर? काय चुकलं काय माझं?”

अडतीस वर्षांनी माझा फोन आला, आणि त्याच्या मनात पहिले हेच आले.

मी म्हणालो, “चूक माझी झाली. त्या सकाळी तू काहीतरी सांगत होतास. ते सांग.”

“आता कारण चालतंय व्हय, सर?”

“चालते,” मी म्हणालो.

तो बोलला. मध्ये दम लागला की थांबत होता. मी वाट पाहत होतो. जे शैलेंद्रने सांगितले तेच होते, पण एक गोष्ट शैलेंद्रला ठाऊक नव्हती. अनवाणी निघालेला बाळू घरी गेला नव्हता. तो मैदानाच्या भिंतीमागे सामना संपेपर्यंत उभा होता, कारण सर बोलावतील असे त्याला वाटत होते. किती वेळ बोलला ते मला सांगता येणार नाही. थांबघड्याळ टेबलावर होते, मी ते लावले नव्हते.

शेवटी मी त्याला विचारले की, वहीत आता काय लिहू? तो म्हणाला, “वहीचं काय करायचंय, सर? तुमची शिट्टी हाय का अजून? सांजच्याला पेठंतल्या पोरी घिऊन जातो मैदानावर. आता बरा झालो की परत जाणार.”

मी म्हणालो की, शिट्टी मी मृत्युपत्रात त्याच्या नावे लिहीन.

“मेल्यावर नको,” तो म्हणाला. “आत्ता धाडा.”

कलम ७. सदर वहीत बाळूच्या शून्यावर एक आडवी रेघ मारून मी सही केली आहे. अन्य खेळाडूंची शून्ये तशीच आहेत. ती आता मला नीट वाचता येतात. वही रवींद्रने ठेवावी व नियम करण्याचा मोह झाल्यास उघडावी. बाळूने ओट्यावर ठेवलेले बूट कोल्हापूरच्या घरी माळ्यावरील पत्र्याच्या पेटीत आहेत. ते महाविद्यालयाची मालमत्ता आहेत आणि मी ते अडतीस वर्षे विनापरवाना बाळगले. ते बूट बाळूला हवे असल्यास द्यावेत, नको असल्यास पावती घेऊन महाविद्यालयास परत करावेत.

कलम ८. मृत्यू येथे आल्यास अग्नी येथेच द्यावा. विमानांची वाट पाहू नये. फोन करून जे कळवतील, त्यांनी समोरच्याला आधी ‘तू कसा आहेस’ असे विचारावे आणि मग बातमी सांगावी. येथे त्याचे उत्तर बहुधा ‘ग्रँड’, म्हणजे ‘उत्तम’, असे येते. त्यावर विश्वास न ठेवता पुन्हा विचारावे.

कलम ९. माझी पितळी शिट्टी, जी या मृत्युपत्राच्या पहिल्या सहा मसुद्यांत नमूद होती, ती माझ्या वस्तूंमध्ये शोधू नये. ती शनिवारी निहारिकेने टपालात टाकली. जकातीच्या पत्रकावर वर्णन मी स्वतः लिहिले आहे: शिट्टी, एक, जुनी, चालू स्थितीत.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, व खालील दोन साक्षीदारांच्या समक्ष घरामागील बागेत, परस्परांत अंतर ठेवून, प्रत्येकाने स्वतःच्या पेनाने सही केली आहे. दोघांनाही या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नाही.

(सही) विश्वासराव भाऊसाहेब सरनोबत

साक्षीदार:
१. (सही) शैलेंद्र आनंदराव बावडेकर, सध्या राहणार सँडीफोर्ड. गोलरक्षक, १९८२-८३.
२. (सही) यामिनी वैरागडे, शेजारी, ल्यूकन, मूळ नागपूर.

स्थळ: ल्यूकन
दिनांक: रविवार, १६ मे २०२१