अडलेलं पिल्लू

सोमवार

पोचले एकदाची! टेम्पोवाल्यानं माझी ट्रंक उतरवताना विचारलं, बाई, यात भांडी आहेत की दगड? पुस्तकं आहेत म्हटल्यावर त्यानं ह्यांच्याकडे असं पाहिलं, जणू सगळा जन्म ह्यांनाच ती उचलावी लागणार आहे.

घर छोटं पण उजेडाचं. पुढे दोन खोल्या, मग स्वयंपाकघर आणि त्याला लागून मागे लांबट खोली. घरातली सगळ्यात चांगली खोली तीच, आणि ती मिळालीय अंडी उबवायच्या मशीनला. कपाटाएवढं मशीन, काचेचं दार, आत पिवळा दिवा, खोलीभर भुशाचा उबदार वास. नव्या नवरीला ह्यांनी आधी मशीन दाखवलं, मग बाकीचं घर! वरच्या ताटल्यांत कोंबडीची अंडी, खालच्यांत बदकांची. बदकांना आठवडाभर जास्त लागतो, म्हणून ती आधी ठेवलेली, म्हणजे सगळी पिल्लं एकदमच बाहेर येतील.

ह्यांची लेक ठकू दाराआडून बघत होती. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. मी नुसती मशीनपुढे जाऊन बसले. मग तीच आली. खिडकी लावून अंधार केला, एक अंडं टॉर्चवर धरलं. आत लाल शिरा, मधे काळी सावली, आणि ती सावली चक्क हलली! मी किंचाळले, ठकू तोंडावर हात ठेवून खुदखुदली. पहिल्या दिवसाला एवढं पुष्कळ झालं.

तिची आई गेल्या वर्षी गेली. लग्नाआधी ह्यांनी एवढंच सांगितलं होतं, की बाळंतपणात अडली, दवाखान्यात न्यायला उशीर झाला, बाळही गेलं. मी खोदून विचारलं नाही.

बुधवार

अंडी बोलायला लागली! कानाला लावलं की कवचाच्या आतून बारीक चिवचिव ऐकू येते. ठकू म्हणाली, मावशी, त्यांच्याशी बोल. आतूनच आवाज ओळखतात ती, आणि बाहेर आली की त्याच आवाजाच्या मागे चालतात. बदकं तर जास्तच.

मग काय, स्टूल घेऊन बसले. सकाळपासून काय काय केलं, कोणतं पातेलं करपलं, सगळं सांगितलं. हे म्हणाले, बरं झालं, आता माझे कान सुटले. मी हसले, पण मनातून फार सुख वाटलं. आपल्याला पहिल्यापासून ओळखणारं कुणीतरी या घरात येतंय.

गुरुवार

सकाळी पहिला टवका उडाला. आतून चोच मारून मारून एवढंसं भोक पडलं, त्यातून श्वास घेणारं टोक दिसलं. ठकू आणि मी हात धरून नाचलो.

दुपारी मशीनमधला पंखा जळाला. ह्यांनी साधा पंखा बांधून वेळ भागवली, ओली फडकी आत ठेवली, आणि नवा पंखा आणायला शहराची बस धरली. जाताना दहादा बजावलं, की सारखं दार उघडू नकोस. ओल निघून गेली की अंड्यातला पापुद्रा वाळतो, पिल्लाला आवळून धरतो, आणि ते अडतं.

शुक्रवार

कोंबडीची बहुतेक बाहेर आली. ओलीचिंब, कुरूप, मग तासाभरात कापसाचे गोळे. बदकं मात्र भोक पाडून थांबली आहेत. पापुद्रा कागदासारखा पिवळा पडलाय.

ह्यांना फोन केला. दुकान बंद होतं, उद्या संध्याकाळी मिळेल म्हणाले. मग सांगितलं, कोमट पाण्यात कापूस बुडवून पापुद्रा भिजव, भोकाभोवतीचं कवच नखानं कणाकणानं काढ. घाई नको.

मी पहिलं अंडं हातात घेतलं, तेव्हा ठकू शेजारी येऊन म्हणाली,

“आई म्हणते, लाल शीर दिसली की थांबायचं.”

“म्हणायची,” मी हळूच म्हटलं.

“म्हणते,” ठकू म्हणाली.

तिला जवळ घ्यावंसं वाटलं. हात ओले होते, तसेच राहिले.

शीर दिसली. थांबले. तेच बरोबर होतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात होते. मागून चिवचिव ऐकू येत होती, पण सलग नाही. थोडी चिवचिव, मग शांत, मग पुन्हा. जणू मधे कुणी काही विचारतंय आणि ती उत्तर देताहेत. आत गेले तर सगळी गप्प. मी बोलले, लाडानं हाका मारल्या. एकही चोच उघडली नाही. बाहेर आले, दार लावलं.

पुन्हा सुरू झाली.

शनिवार

बदकं सुटली. सगळी नाही. एकाची नाळ सुटली नव्हती, ते माझ्या तळहातावर थंड झालं. ठकूनं त्याला अंगणात पुरलं, न रडता. मीच रडले.

राहिलेली बल्ब लावलेल्या खोक्यात ठेवली. माझ्याकडे पाठ करून बसली, सगळी. मशीन आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्याकडे तोंडं. मी खोकं फिरवलं. ती फिरली. खाणं दुसऱ्या बाजूला ठेवलं. कुणी पाहिलंही नाही.

दुपारी जमिनीवर सोडली. आधी त्या कोपऱ्यात धावली. मग एका रांगेत, सावकाश, स्वयंपाकघरात आली. गॅसपाशी थांबली. एखादी बाई दूध बघायला थांबते तेवढाच वेळ. मग मागच्या दाराकडे निघाली.

रांगेच्या शेवटी ठकू होती. तिचा एक हात वर उचललेला, मूठ मिटलेली. मोठ्या माणसाचं बोट धरून मुलं चालतात, तशी.

मी ओरडले. बदकं पांगली. ठकूचा हात खाली आला. ती माझ्याकडे इतक्या दुःखानं बघत राहिली, की मलाच अपराधी वाटलं.

रविवार, सकाळ

ठकूनं कालपासून काही खाल्लेलं नाही. भरवायला गेले तर ओठ मिटून घेते. हात गार. दोन पांघरुणं घातली, तरी गारच. मशीनपाशी बसून असते.

मशीनमध्ये एकच अंडं उरलंय. बदकाचं. टवका उडालेला नाही, पण जिवंत आहे, हलतं. कानाला लावलं. चिवचिव नाही. ठकठक, मग दम लागल्यासारखं काहीतरी, मग ठकठक.

ठकू म्हणाली, ते बाळ आहे. ते अडलंय म्हणून आई अडलीय. ते सुटलं की ती जाईल.

आणि नाही सुटलं तर? मी विचारलं. विचारायला नको होतं.

“तर मला नेणार. ती एकटी आहे ना, मावशी.”

ह्यांना फोन केला. ठकूची आई गेली त्या दिवशी काय झालं होतं ते सांगा म्हटलं, आत्ताच्या आत्ता. हे रडायलाच लागले. ती म्हणत होती, मला न्या, आता न्या. मीच म्हणालो, जरा थांबू या. मीच.

पंखा मिळालाय. बसमध्ये आहेत. पोचायला दुपार टळेल.

रविवार, दुपार

नखानं भोक पाडलं. कोमट पाणी. कापूस. कवच कणाकणानं —

आत चोच आहे. साधी, बदकाची चोच. मी हसले, ठकू हसली नाही.

लाल शीर. थांबले.

थांबलेय. कापूस भिजवतेय, थांबतेय. श्वास मंद होतोय. सोडवलं तर रक्त जाईल. नाही सोडवलं तर गुदमरेल. ठकू म्हणते आई रडतेय. मला ऐकू येत नाही, पण खोक्यातली सगळी पिल्लं उभी राहिलीत.

ताई, तुम्हाला मी पाहिलेलं नाही. तुमच्या घरात आले, तुमच्या भांड्यांत शिजवतेय, तुमच्या लेकीची वेणी घालतेय. मला यातलं काही येत नाही. तुम्हीच सांगा, थांबू की —

सोडवलं.

नंतर

बाहेर आलं होतं. पूर्ण. डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं. या घरात माझ्याकडे पाहणारं ते एकच पिल्लू. मान टेकली माझ्या अंगठ्यावर. रक्त फार नव्हतं. थोडंसंच. तेवढंही त्याला —

रुमालात गुंडाळलंय.

खोलीत आवाज नाही. कोंबडीची पिल्लंही गप्प.

ठकूला मांडीवर घेतलंय. घट्ट. ह्यांचा फोन लागत नाही. मागच्या दाराला कडी घातली, पुढच्या दारालाही. लिहितेय, कारण लिहायचं थांबले तर ओरडेन, आणि ती घाबरेल.

मोठ्यानं म्हटलं, ताई, मी घाई नाही केली, उशीरही नाही केला. जेवढं जमलं तेवढं केलं हो. हिला राहू द्या. मी हिला तुमचीच म्हणून वाढवीन. तुमचं नाव पुसणार नाही. हिला राहू द्या.

पिल्लं रांगेत उभी राहताहेत.

ठकू आत्ता “आले” म्हणाली. गोड, अगदी रोजच्यासारखं. मी हाक मारली नव्हती.

ठकू उठतेय. डाव्या हातानं मी तिला कमरेला धरून ठेवलंय, तरी उठतेय — जोर नाही करत — उलट इतकी हलकी लागतेय, इतकी हलकी, जसं आत काही —