सरांचं नाक

मनामा, गुरुवार, १२ ऑक्टोबर १९९५

सर गेले. उद्या इथल्या आमच्या बौद्ध मंडळाच्याच हॉलमध्ये पुण्यानुमोदनाची शोकसभा आहे आणि त्यांच्यावर पानभर मला वाचायचंय. गावी जायला सुट्टी मागितली, तर मॅनेजर म्हणाला, "मफी." म्हणजे नाही.

संध्याकाळपासून चार कागद फाडले. सर कॉलेजात बायझंटाईन इतिहास शिकवायचे. म्हणायचे, "तिथले इतिहासकार सम्राटाबद्दल लिहायला बसायचे आणि गुरूनं शिकवलेले सगळे सद्गुण त्याच्या अंगावर चढवायचे. माणूस खाली गुदमरून मेला! तुम्ही आधी त्याचं नाक लिहा." आणि टेबलावर डस्टर आपटायचे.

मी काय लिहिलं? शांत, करुणामय, समतेचे पुजारी. सुनंदानं वाचलं आणि म्हणाली, "अहो, हे सर? आपल्या लग्नात आचारी उपाशी राहिला म्हणून भर पंगतीत ओरडले होते, ते?"

खरंच. शांत कुठले! पण उद्या मेणबत्त्या लावून बसलेल्या माणसांसमोर तो डस्टर कसा वाचू? धीर होत नाही. त्यांनी शिकवलेले शब्द त्यांच्याच अंगावर चढवतोय.

आणि नाक? तासभर आठवतोय. डोळ्यांसमोर नुसती खडूची धूळ येते.