रविवारी अकराला तुटणारी लाइन

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद (मागच्या चार रविवारी अर्ध्यावर कापले गेलेले धरून). तुझी तब्येत बरी असावी. व्हिडिओ कॉलवर लाइन तुटेपर्यंत दिसतोस तेवढी तरी बरी दिसते. तुझ्या बायकोची कंबर कशी आहे? आई ठणठणीत. माझ्या गुडघ्याने मात्र राजीनामा दिला आहे. ऑपरेशनची तारीख ठरली, आणि पुढचे दोन महिने आईने तुझ्याकडे राहावं, एवढंच विचारायला मी महिनाभर धडपडते आहे. मेसेज टाकला असता, पण आईचं म्हणणं, असलं विचारायचं तर तोंड बघून विचार. आणि मी "आईचं जरा" इथवर येते न येते, तोच तुझं तोंड उघडं ते उघडंच राहतं आणि तू गायब. गुडघा सांभाळत मी इंटरनेटच्या डब्यापाशी पोचेपर्यंत त्याचे दिवे साळसूदपणे लुकलुकत असतात.

तू मला ओळखतोस. वजनमापं तपासण्यात तीस वर्षं घालवलेली बाई आधी काटा तपासते, मग दुकानदारावर आळ घेते. पहिल्या रविवारनंतर मी फोनवर वेग मोजायचं अ‍ॅप घेतलं. बैठकीच्या खोलीत, स्वयंपाकघरात, जिन्याखाली, न्हाणीघरात (दार लावून आणि उघडं ठेवून), सगळीकडे तीनतीनदा मोजलं आणि आकडे खडूने फरशीवर लिहिले. आईने विचारलं, घर विकायला काढलंस का? आकडे सगळीकडे उत्तम. तरी रविवारी लाइन तुटायची ती तुटलीच.

मग वायरवाल्याला बोलावलं. त्याने वायर हलवली, डब्यावर फुंकर मारली (एवढं शिकून शेवटी फुंकरच) आणि लाइन एकदम क्लिअर आहे म्हणाला. मी त्यांच्याच जाहिरातीचा कागद पुढे केला. त्यावर वेग लिहिलाय 'शंभरपर्यंत'. म्हटलं, 'किलोपर्यंत' साखर विकणाऱ्या वाण्याला मी उभ्याउभ्या नोटीस दिली असती. तो चहा न घेताच गेला.

आपल्या भागात आणखी कोण कोण आहे त्याची चौकशी केली. दुसऱ्या कंपनीची मुलगी फोनवर म्हणाली, तुमच्या भागात आमची सेवा आहे. आहे खरी, पण त्यांची वायर कोपऱ्यावरच्या लाँड्रीपर्यंत येऊन थांबली आहे, पुढचं सहा महिन्यांनी. तिसऱ्या कंपनीने गच्चीवर तबकडी बसवली, आठ दिवस फुकट वापरून बघा म्हणाले. तिचा डबाही आईच्या खुर्चीखालच्या एक्स्टेंशन बोर्डावरच लावला, दुसरीकडे प्लग कुठाय? वेग झकास. चौथ्या रविवारी तू खळखळून हसलास, मी "आईचं" म्हटलं, आणि तू गेलास.

तेव्हा मी रविवारच्या नोंदींची वही उघडली. हवापाणी, तुझा साहेब, बायकोची कंबर, या विषयांवर लाइन शाबूत. आईचा विषय निघाला की बंद. म्हणजे चोर तूच! गृहपाठाचं विचारलं की तुझ्या पोटात दुखायचं, ते मी विसरलेले नाही. म्हणून हे पत्र. कागदाला बंद पडता येत नाही. आईला नेतोस की नाही, एका शब्दात टपालाने कळव. मी आता सोडणार नाही.

तुझी,
ताई

ता.क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. आज पाचवा रविवार. म्हटलं, शेवटची तपासणी करावी, म्हणून तुझ्याकडे न बघता डब्याकडे बघत बोलले. "आईचं" म्हणताच खुर्चीतल्या आईचा पाय हळूच मागे सरकला आणि अंगठ्याने बोर्डाचं बटण बंद केलं. लगेच चालूही केलं. आई खाली मान घालून म्हणाली, "नाही म्हणताना त्याचं तोंड मला बघवलं नसतं गं." मला रडू आलं, धाकट्या. तीस वर्षांत असा काटा मी तपासला नव्हता.

पुन्हा ता.क. तुझ्यावरचा आळ मागे घेते (पोटदुखीचा सोडून). टपालाने काही कळवू नकोस. येत्या रविवारी अकराला फोन लाव, आणि माझ्या आधी, हवापाण्याच्याही आधी, तूच म्हण, "आई, कधी येतेस?" जरा भरभर म्हण. बटणापर्यंत पोचायला आईच्या अंगठ्याला दोन सेकंद लागतात. मी तीनदा मोजलंय.