एकसष्ट पिवळे डाग

अण्णा, तुमच्या पोथीतल्या चुका मी काल मोजल्या. एकशे बारा पानं आणि एकसष्ट पिवळे डाग. एका पानावर तर चार आहेत. त्या दिवशी तुमचं लक्ष कुठे होतं कोण जाणे, बहुतेक आई भाजीवरून बोलत असेल. तुम्ही जाऊन तीस वर्षं झाली आणि मी इथे ब्रह्मा घाटावरच्या आपल्याच घरात, वरच्या खोलीत, भर दुपारी चष्मा लावून बापाच्या चुका मोजत बसले आहे, हे कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाईला उद्योग नाही. उद्योग नाहीच. रिटायर होऊन पाच वर्षं झाली, घरात दुसरं माणूस नाही, आणि ज्यांच्याशी दुपारी दोन शब्द बोलत होते त्या गेले एकोणीस दिवस वर आलेल्या नाहीत. त्यांचंच सांगायचं आहे. पण माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे, सरळ मुद्द्यावर येईन तर मी कसली.

मी अकरा वर्षांची आहे. आई चुलीशी पोळ्या लाटते आहे आणि तुम्ही खिडकीपाशी पाटावर बसून पोथी उतरवता आहात. पाठशाळेतून आल्यावरचा तुमचा हाच एक शौक. त्या दिवशी तुम्ही मला बोरू तासून दिलात, माझ्या हाताच्या मापाचा, आखूड. मी जीव ओतून एक पान लिहिलं आणि शेवटून तिसऱ्या ओळीत एक शब्द दोनदा पडला. मी ते पान टर्रकन फाडलं. तुम्ही मान वर केलीत. “पन्ना का गं फाडलास?” मी म्हटलं, चूक झाली. “मग? हरताळ कशासाठी आहे?” गोला दीनानाथच्या मसाले-बाजारातल्या पंसाऱ्याकडून आणलेला तो पिवळा दगड तुम्ही डिंकाच्या पाण्यात उगाळून ठेवायचात. चुकलेल्या अक्षरावर त्याचा लेप द्यायचा, वाळला की त्यावरच नीट लिहायचं. लेप लावल्यावर हात धुवायला लावायचात, कारण ते विष. मी हट्टानं म्हटलं, “डाग दिसतो.” तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. हळूच म्हणालात, “चूक झाली म्हणून नाही फाडलंस तू. कोणी बघेल म्हणून फाडलंस.” आईचं लाटणं थांबलं. मला इतका राग आला तुमचा की मी बोरू फडताळावर फेकला आणि पुढची सत्तेचाळीस वर्षं हातात धरला नाही.

पण ती खोड गेली नाही, तिला नोकरी लागली. विद्यापीठाच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते हे तुम्ही पाहिलंत, पण कसली टायपिस्ट होते हे घरी कधी सांगितलं नाही. बाकीच्या जणी चुकीच्या अक्षरावर पांढरा द्रव लावून पुढे जायच्या, मी अख्खं पान पुन्हा टाइप करायची. साहेब खूश, आणि शेजारच्या टेबलावरच्या बायका डबा उघडताना मला बोलवायच्या नाहीत, कारण एकीच्या पानातल्या चुका मी न विचारता लाल पेन्सिलीनं दाखवून दिल्या होत्या. मला वाटायचं, जळतात. खोटं कशाला बोलू, आजही कधीकधी तसंच वाटतं.

रिटायर झाल्यावर तुमची पोथी काढली. म्हटलं, एक छानशी प्रत करावी, वेळ जाईल. वेळ गेला, प्रत झाली नाही. सात वेळा सुरुवात केली, वीस पानांच्या पुढे एकदाही गेले नाही. एक वेलांटी तिरकी गेली की डोक्यात तिडीक जाते आणि पान फाटून हातात येतं. एका काडीच्या वेलांटीसाठी या वयात रडायला येतं, अण्णा, याची लाज वाटते. उपाय सगळे करून पाहिले. चुकलं की उठायचं, गार पाण्यानं तोंड धुवायचं, दहापर्यंत आकडे म्हणायचे. घाटाच्या पायऱ्या उतरून परत चढायच्या, तेवढ्यात राग थकतो म्हणे. माझा नाही थकला, गुडघे थकले. एकदा तर पहिल्याच पानावर मुद्दाम चूक केली, म्हटलं पुढचा सगळा डर संपला. तो मुद्दामचा डागही वाकडा पडला म्हणून तेही पान गेलं! देवाची अक्षरं कचऱ्यात टाकवत नाहीत, म्हणून फाटकी पानं बांधून गंगेवर न्यायची. आमचा नाववाला मल्लाह गठ्ठा पाहून दरवेळी विचारतो, “का दीदी, फिर गड़बड़ाय गयल?”

वहिनी तीन वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावर भाड्यानं आल्या. मूळच्या भुसावळच्या, नवरा रेल्वेत गार्ड, चार दिवस घरी तर चार दिवस गाडीवर. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. इथली हिंदी त्यांना जमत नव्हती, भाजीवाल्याशी मराठीतच भांडायच्या. एका दुपारी वांग्याचं भरीत घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, “ताई, खाली लई सुनं सुनं वाटतं हो, बसू का घडीभर?” त्या दिवसापासून रोज बसायला लागल्या. भरीत फार तिखट होतं. मी ते तसं सांगितलंही. त्या हसल्या आणि दुसऱ्या दिवशी कमी तिखट घेऊन आल्या. मला असं कुणी आयुष्यात भेटलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात माझा अंगठा धरला. बोरू धरला की कळ कोपरापर्यंत जायची. आठवी प्रत चोविसाव्या पानावर अडली होती, चोवीससुद्धा कशी झाली तर वहिनी समोर बसून बडबड करायच्या म्हणून. त्याच म्हणाल्या, “मी लिहू का? शाळेत माझं अक्षर पयलं यायचं.” अक्षर खरंच सुंदर होतं, गोल, मोकळं. चुकलं तर त्या जीभ चावायच्या, “होऊ द्या हो ताई, देवाला समजतंय,” म्हणत ओल्या बोटानं पुसायच्या आणि पुढे जायच्या. मी डोळे दुसरीकडे वळवायला शिकले. मला वाटायला लागलं होतं की सुटले मी. आम्ही चौसष्टाव्या पानापर्यंत पोचलो. मध्ये चहा, त्यांच्या मुलीचा फोन, खिडकीतून दिसणारी माणसं. लिहिणं निमित्त होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चौसष्टावं पान पुरं झालं आणि मी ते तुमच्या पोथीशी ताडून पाहिलं. मधली एक अख्खी ओळ गायब. लेप लावून सावरण्यासारखी चूक नव्हती, पण समासात खूण करून ती ओळ लिहिता आली असती, तुम्ही स्वतः नऊ ठिकाणी तसं केलं आहे. मी म्हटलं, “एवढंही लक्ष नाही तुमचं? सगळं वाया घालवलंत!” आणि त्यांच्या हाताखालून पान ओढून फाडलं. वहिनी म्हणाल्या, “ताई, पण तुम्ही...” आणि थांबल्या. माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग शाईच्या दौतीला झाकण लावलं, बोरू पुसून जागेवर ठेवला, आपली रिकामी वाटी उचलली आणि “बरं, चलते मी,” म्हणून जिना उतरल्या.

त्यानंतर आल्या नाहीत. खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, नवरा आला की त्याचं खाकरणं ऐकू येतं. दुपारी तीनला मी अजून दोन कपांचं पाणी ठेवते आणि एकाचं ओतून देते. परवा जिन्यात समोरासमोर आलो. त्यांनी भिंतीकडे सरकून मला वाट दिली आणि म्हणाल्या, “या.” बस्स, तेवढंच. तिखट बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते. मला त्यांची इतकी आठवण येते की काल तुमच्या चुका मोजून काढल्या, नाहीतर दुपार सरत नव्हती. एकसष्ट चुका करूनही तुमच्याकडे माणसं येत होती, संध्याकाळी पाटावर जागा नसायची.

आता सांगते. ओळ वहिनींनी गाळली नव्हती. पोथी माझ्या मांडीवर होती, मी वाचून सांगत होते, त्या ऐकून लिहीत होत्या. दोन ओळींचे शेवट सारखे होते, माझी नजर एकीवरून दुसरीवर घसरली. ताडून पाहताना ते माझ्या लक्षात आलं होतं. आधी लक्षात आलं, मग मी पान फाडलं. त्यांनाही कळलं होतं, म्हणून तर त्या बोलता बोलता थांबल्या आणि मला वाचवलं. हे दोन वाक्यांत खाली जाऊन सांगता येईल, तेरा पायऱ्या आहेत फक्त. मी सकाळपासून तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही दार उघडून माझ्याकडे बघणार नाही.