पट्टा सुटेपर्यंत

प्रिय चिमणे,

तुझ्या भाऊजींना म्हातारपणी वाचा फुटली आहे. घड्याळं दुरुस्त करताना दिवसभर मान खाली घालून बसणारा हा माणूस, लग्न झाल्यापासून हो-नाहीच्या पुढे गेला नव्हता. झालं असं, की डॉक्टरांनी मला रक्तदाब घरी मोजायला सांगितला. आधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून शांत बसायचं आणि दंडावरचा पट्टा सुटेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. तिकीट खिडकीवर नोकरी केलेल्या बाईला ही शिक्षाच की गं! ह्यांनी मात्र बरोबर संधी साधली. मी गप्प बसले, की हे समोर खुर्ची ओढून साचलेलं सगळं काढायचे. भाजी अळणी लागते, चष्मा जागेवर नसतो, तुझी बहीण आली की दोघी घर डोक्यावर घेता. उत्तर देता येईना, आकडा चढतच राहिला. गोळी वाढवण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, मोजता तरी कसं? मी सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. आता बोलायची बंदी दोघांनाही आहे.

खरं सांगू, आम्ही सुखात आहोत. मीठ कमीच आहे, संध्याकाळी दोघं चालून येतो, सकाळची गोळी चुकत नाही. आकडा आटोक्यात आला तेव्हा मलाही वाटलं, आता कशाला गोळी? डॉक्टर म्हणाले, अहो, गोळी घेताय म्हणूनच तो आटोक्यात आहे. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

हे पुराण तुला का ऐकवतेय ते ओळखलं असशील. तुझ्या लेकीचा फोन आला होता. आकडा नॉर्मल आला म्हणून तू गोळ्या सोडल्यास म्हणे. तिच्यावर डाफरू नकोस, पोर घाबरली आहे. मीही घाबरले आहे. आईलाही काही दुखतखुपत नव्हतं. पक्षाघाताच्या आदल्या दिवशी ती शेजारणीशी तावातावाने भांडली होती. त्यानंतर आपल्याला हाक मारायला ती ओठ हलवायची, नाव यायचं नाही, आणि ती रडायची. चिमणे, आजच डॉक्टरांकडे जा. शनिवारी मी येतेच आहे. दारातच माझ्याशी भांड. चोंबडी म्हण, आगाऊ म्हण, तोंडाला येईल ते बोल. मला ते ऐकायचं आहे.

तुझीच,
आगाऊ ताई