बिनचेनची रजई

१४ ऑक्टोबर

ती. ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुमचा गुडघा काय म्हणतोय? जिने चढू नका म्हटलं की तुम्ही मुद्दाम चढणार, हे ठाऊक आहे, तरी म्हणते. पत्र बघून दचकू नका. पोहण्याच्या तलावावरच्या ऑफिसात बसून लिहितेय. मुलांची तुकडी आत्ताच शिकून गेली, बायकांची यायची आहे.

काम तसं किरकोळ आहे. पाठीवर सामान टाकून डोंगर चालायचं खूळ तुमच्या बारक्याच्या डोक्यात पुन्हा शिरलंय. आमच्या लग्नाआधी तुम्ही बहीणभाऊ जायचात, तीच आठ दिवसांची वाट. या खेपेला मलाही नेणार म्हणतो, आणि तेही पुढच्याच महिन्यात. "पुढच्या वर्षी जाऊ की," म्हटलं, तर नुसता हसला. मी जन्मात उघड्यावर झोपलेली नाही. म्हणून पांघरुणाचं तुम्हालाच विचारते. स्लीपिंग बॅग बरी, की हल्ली निघालेली ती हलकी रजई?

रविवारी दुकानात जाऊन आलो. विकणारी मुलगी चुणचुणीत होती. तिने जमिनीवर चटया अंथरल्या आणि म्हणाली, "झोपून बघा, लाजू नका." तुमचा भाऊ बॅगेत शिरला. पायाकडे निमुळती, डोक्याला टोपी, नाकडोळे तेवढे बाहेर. मुलीने चेन गळ्यापर्यंत ओढली. मला हसू आवरेना. म्हटलं, "पार्सल झालास की!" तोही हसला.

मग मुलगी म्हणाली, "आता आतून उघडा बघू."

तो आत चुळबुळत राहिला. मुलीला वाटलं, गंमत करतोय. ती हसत होती, मीही. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाला, "उघड." मी गुडघ्यावर बसून चेन खाली ओढली. घामाने भिजला होता. मुलीला म्हणाला, "थंडीने बोटं आखडलीत जरा." दुकानात पंखा चालू होता, ताई.

मुलगी शहाणी. तिने लगेच रजई काढली. हिला चेन नाही, पाठीकडची बाजू उघडी. ती म्हणाली, आत भरलेली पिसं अंगाखाली दबली की तशीही ऊब देत नाहीत, मग त्यांचं ओझं कशाला वाहायचं? वजनाला फुलासारखी. कडेच्या पट्ट्या तेवढ्या क्लिपने चटईला अडकवायच्या. क्लिप त्याला दाबता आली नाही. मी दाबली. दोघांना पुरेल अशी रुंद घेतली आणि घरी आलो.

त्याच रात्री दिवाणखान्यात खिडक्या सताड उघड्या टाकून झोपून बघितलं. मी ढाराढूर. सकाळी उठून बघते तर सगळी रजई माझ्याकडे, आणि हा तिकडे उघडा, डोळे टक्क जागे, पाय बर्फ.

"ओढून का नाही घेतलीस?"

"घेत होतो."

"मग हाक मारायचीस ना!"

"तू झोपली होतीस," म्हणाला.

म्हणजे चेन लावली तर कोंडला जातो, नाही लावली तर उघडा पडतो. यावर कुठलं पांघरूण मिळतं, सांगा.

ताई, हे बोटांपुरतं नाही. उन्हाळ्यात आपल्या काचेच्या दुकानात त्याच्या हातून दोनदा काच निसटली, तेव्हा वाटलं, काच कापून कापून मनगट दुखत असेल. आधी डॉक्टर बदलले, मग तपासण्या झाल्या. आधी हात जाणार, मग पाय, मग गिळणं, शेवटी श्वास. मज्जातंतूंचं आहे. मोठ्या डॉक्टरांना विचारलं, "थांबवायला काय करायचं?" त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "त्यांना जे करायचंय ते लवकर करू द्या." दुकान महिनाभर बंद आहे. तुम्हाला फोनवर "धंदा मंदा आहे" म्हणून सांगितलं, ते हेच.

तुम्हाला कळवायचं नाही, अशी त्याने मला शपथ घातलीय. म्हणतो, "ताई रडणार नाही, पदर खोचून कामाला लागेल. दहा डॉक्टर गाठेल, मला उचलून घरी नेईल. मला ते झेपायचं नाही." ते खरंही असेल. पण मला काय झेपतं, ते कोणी विचारत नाही. मी रोज परक्या बायकांच्या पाठीखाली हात धरून त्यांना तरंगायला शिकवते, आणि घरी हा माणूस माझ्यासमोर थोडा थोडा खाली चाललाय. आता सकाळी शर्टाची बटणं मी लावते. तो भिंतीकडे बघत उभा राहतो. तेवढा वेळ आम्ही दोघंही हवापाण्याचं बोलतो.

नको जाऊ या, असं मी एकदाच म्हटलं. तो म्हणाला, "पाय अजून माझे आहेत."

तेव्हा आम्ही निघतोय. पाच तारखेला, पहिल्या बसने. रजईची एक कड मी माझ्या अंगाखाली दाबून झोपेन. दुसरी कड दाबायला कोणी नाही. तुमच्या गुडघ्याला चढ झेपणार नाही, हे कळतं मला. तरी विचारते. पहिल्या मुक्कामापर्यंत गाडी जाते म्हणे. एक रात्र तरी त्याच्या पलीकडच्या बाजूला याल का? तो चिडेल, माझ्याशी बोलणार नाही. चिडू दे. मी शपथ मोडली, असं म्हणेल. तेही खरंच.

बायकांची तुकडी येऊन दाराशी उभी आहे, उठते. फोन करू नका, तो घरातच असतो. उत्तरही लिहू नका. दुपारी पोस्टमन येतो तेव्हा दार तोच उघडतो. तुमचं अक्षर बघून पाकीट घेऊन बसेल, आणि ते त्याला फाडता येणार नाही.

तुम्हीच या.

तुमची भावजय